शंभरात एकोणीस

मे महिना अर्धा सरला की शिरपूर जैनच्या पांदणीने माणसं रामकिसन गाभणेच्या मळ्याकडे वळू लागतात. कुणाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, कुणाच्या दुपट्ट्यात बांधलेलं गाठोडं. आत घरचं सोयाबीन असतं. घरचं पेरायचं की दुकानातून नवं आणायचं, हे गावातले निम्मे लोक रामकिसनच्या गोणपाटावर सोडून देतात.

तसं ते काम कुणालाही जमण्यासारखं आहे. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकायचं, गुंडाळी करायची, दोन्ही टोकं सुतळीने बांधून सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपायचं. सहाव्या दिवशी उघडून मोड आलेले दाणे मोजायचे. सत्तर आले तर बिनघोर पेरा. साठ-सत्तरच्या मध्ये असेल तर बी जरा जास्त टाका. साठच्या खाली गेलं की बियाणं बाद, गुरांपुढे टाका. पण लोक घरी मोजायला बसले की हात आपोआप टपोऱ्या दाण्याकडे जातो. रामकिसनचा जात नाही. तो आधी विचारतो, "पोत्यात हात कुठी घातला?" वरून, मधून आणि तळातून अशा तीन मुठी आणल्या नसतील तर तो माणसाला परत पाठवतो. पंचवीस वर्षांत त्याच्या आकड्यावर कुणी वाद घातला नाही. बाद झालेल्या बियाण्याला तो "बाद" एवढंच म्हणतो, आणि पुढच्याची गुंडाळी सोडायला घेतो.

रामकिसन सहासष्ट वर्षांचा आहे. दीड एकर मळ्यात वांगी, भेंडी, चवळी, सांबार म्हणजे कोथिंबीर असं काहीबाही बारमाही असतं. त्यातलं थोडं तो गावातल्या धर्मशाळेच्या भटारखान्यात देतो, बाकीचं जवळच्या मालेगावच्या बाजारात. भटारखान्यात जायचं तर तो आधी आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसतो. तसं कुणी त्याला सांगितलेलं नाही, पण तिथे देवाच्या यात्रेकरूंचं जेवण शिजतं, आणि तीस वर्षांत त्याने हा नेम कधी मोडलेला नाही.

त्याला लघवीचा त्रास सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. बाजारात तासाभरात दोनदा उठावं लागे. शेजारी बसणारा लखीराम त्याच्या पथारीवर लक्ष ठेवी आणि त्याची किंमतही वसूल करी.

"भाऊ, तुमचं अर्धं दुकान मीच चालवतो. गिऱ्हाईक मलेच रामकिसन म्हणून राह्यलं."

"म्हणू दे. भाव तर बराबर सांगतो ना?"

"भाव बराबर सांगतो. पण ते म्हणते, रामकिसन आताशी लय तरणा दिसते."

रामकिसन हसायचा. वय झालं की असं होतंच, असं तो स्वतःला आणि बायकोला, तुळसाबाईला, सांगायचा. मग मालेगावला तपासणीचं शिबिर लागलं, आणि त्याचा मुलगा ऋषिकेश त्याला बळंच घेऊन गेला. ऋषिकेश मालेगावातल्या सेतू केंद्रात कॉम्प्युटरवर बसतो. दिवसभर लोकांचे दाखले काढून देतो. रक्तातला पीएसएचा आकडा चारच्या खाली हवा होता, तो आठच्या वर निघाला. तिथून अकोला. तिथे आधी मोठ्या मशीनमध्ये झोपवून काढलेला फोटो, मग सुईने बारा ठिकाणचे बारीक तुकडे काढणं. प्रत्येक वेळी पहाटेची बस, दुपारपर्यंत बाकड्यावर बसणं, संध्याकाळची बस. चौथ्या खेपेला कळलं की बारापैकी तीन तुकड्यांत कॅन्सर आहे.

डॉक्टर बाई होत्या, धम्मदीपा नावाच्या. मंगरूळपीरकडच्या. पहिल्या दिवशी रामकिसनने लघवीचं सगळं दुखणं ऋषिकेशच्या तोंडून सांगितलं आणि स्वतः भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिला. बाईंना ते समजलं असावं. त्या त्याच्याशी त्याच्याच बोलीत बोलू लागल्या.

"काका, मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी रायते. प्रत्येक माणसाले रायते. तिथी गाठ आहे. बाहेर गेली नाही."

"मग काढून टाका ना बाई," तुळसाबाई लगेच म्हणाली. "मुळासकट."

"काढता येते. नाहीतर विजेच्या किरणानं जाळता येते. पण काढल्यावर लघवीवरचा ताबा काही महिने जाते. काहीजणाचा कायमचाच कमी होते. आणखी नवरा-बायकोचंबी..." बाईंनी तुळसाबाईकडे पाहिलं. "आणि काही गाठी अशा असतात का त्या जागेवरच बसून रायतात. माणूस दुसऱ्याच कशानं जाते, गाठ तशीच. तसं असन तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालते. काकाची गाठ मधातली आहे. लय गरीब नाही, लय वांडबी नाही."

लघवी कपड्यात होणार, एवढंच रामकिसनच्या कानात राहिलं. ओल्या धोतराने बाजारात बसता येईल. लखीराम चार गोष्टी बोलेल, बोलू दे. पण भटारखान्याचा उंबरा ओलांडता येणार नाही. तीस वर्षं ज्या दारातून मान वर करून गेलो, त्या दाराशी बाहेरूनच टोपली ठेवून परत फिरायचं. हे तो कुणाला सांगणार नव्हता. तुळसाबाईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, जीव मोठा का टोपली मोठी. उत्तर त्यालाही माहीत होतं. तरी त्याला ऑपरेशन नको होतं.

मध्येच त्याला उठावं लागलं. दवाखान्याचा संडास लांब होता आणि तिथेही रांग होती. तो परत आला तेव्हा बाई ऋषिकेशला एका नव्या तपासणीबद्दल समजावून सांगत होत्या. गाठीचे जे तुकडे काढलेत, त्यांतल्याच एका तुकड्यातली जनुकं वाचायची. गाठ पुढे कशी वागेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. नमुना परदेशात जातो, चार आठवडे लागतात, आणि तपासणी स्वस्त नाही. ऋषिकेशने बापाकडे न पाहता होकार दिला होता.

"शंभरापैकी एक आकडा येईन, काका," रामकिसन खुर्चीत बसला तेव्हा बाई म्हणाल्या. "त्याच्यावर ठरवू, कापायचं का थांबायचं."

शंभरापैकी आकडा, एवढं त्याला चांगलंच समजलं. त्याने काही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात ऋषिकेश अकोल्याला जाऊन आला. काढलेले तुकडे तपासणाऱ्यांनी मेणाच्या चौकोनी वडीत घालून जपून ठेवलेले असतात. त्या वडीला ब्लॉक म्हणतात. तो मिळवून पुढे पाठवायचा होता. फोनवर त्याने वैजयंतीला, म्हणजे बायकोला, सांगितलं, "ब्लॉक भेटला." तेव्हा वैजयंती नळावर होती. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की रामकिसनच्या छातीत ब्लॉक निघाला.

ग्यानबा भेटायला आला. तो रामकिसनच्या बरोबरीचा, शेताला शेत लागून.

"किती टक्के हाय म्हंते?"

"काय?"

"ब्लॉक. आमच्या साळ्याले सत्तर टक्के होता. आता दोन-दोन भाकरी खाते."

रामकिसनने क्षणभर विचार केला. छातीचं दुखणं ओट्यावर बसून सांगता येतं. "पाहू," तो म्हणाला. "अजून मोजला नाही."

"लसूण खात जाय," ग्यानबा म्हणाला. रामकिसनने मान डोलावली. त्या दिवसापासून जो तो त्याच्यासाठी लसूण आणू लागला, आणि तुळसाबाई त्या पाकळ्या डब्यात टाकताना नवऱ्याकडे पाहून तोंड वाकडं करू लागली.

"सांगत काहून नाही लोकायले खरं?"

"काय सांगू? कुठी झालं म्हणून सांगू?"

तिने आणखी एक पाकळी डब्यात टाकली.

चार आठवड्यांचे पाच झाले. उन्हाने मळ्यातली भेंडी माना टाकायची, पाणी दिलं की पुन्हा उठायची. रामकिसन पाणी द्यायचा आणि बांधावर बसायचा. पूर्वी तो बसला की विसावा घेतोय असं वाटायचं. आता बसला की उठायचंच विसरल्यासारखा दिसायचा.

अहवाल आला तो ऋषिकेशच्या फोनवर, सेतू केंद्रात गर्दीच्या वेळी. त्याने घाईने वाचला, आकडा पाहिला आणि तिथूनच फोन लावला.

"बाबा, रिपोर्ट आला. एकोणीसच आला."

"किती?"

"एकोणीस. एकोणीसच. चांगलं झालं बाबा. गुरुवारी बाईनं बोलावलं आहे."

"शंभरात?"

"हो, शंभरात. आता ठेवतो, लोकं उभे आहेत."

रामकिसनने फोन खाटेवर ठेवला. एकोणीसच. पंचवीस वर्षांत एकोणीस आकडा त्याच्या गोणपाटात फक्त एकदा निघाला होता, आणि ते बियाणं बुरशीने काळं पडलेलं होतं. मोजायचीही गरज नव्हती.

संध्याकाळी ऋषिकेशने कागद आणले. केंद्रातल्या प्रिंटरवर काळ्या शाईत काढलेली सात पानं, सगळी इंग्रजीत. पहिल्या पानावर एक आडवी पट्टी होती. डाव्या टोकाला शून्य, उजव्या टोकाला शंभर. फोनवर ती पट्टी डावीकडे हिरवी, मधे पिवळी आणि उजवीकडे लाल दिसत होती. कागदावर ती सगळी सारखीच राखाडी उतरली होती. डाव्या टोकाजवळ एक बाण आणि बाणाखाली १९. रामकिसनने बोटाने बाणापासून शंभरापर्यंतचं अंतर मोजलं. टोकापर्यंत पोचायला बोटाची चार-पाच पेरं लागली.

"चांगलं आहे बाबा," ऋषिकेश पुन्हा म्हणाला.

"बरं," रामकिसन म्हणाला.

"चांगलं आहे" हे शब्द त्याच्या ओळखीचे होते. तीन वर्षांपूर्वी ग्यानबाचं सोयाबीन ऐन सोंगणीत म्हणजे कापणीत भिजलं होतं. शंभरात बेचाळीस उगवले. घरात आजारी बायको, दुसरं बियाणं आणायची सोय नाही, आणि ग्यानबा गुंडाळीसमोर असा बसला होता की रामकिसनच्या तोंडून "बाद" निघालंच नाही. तो म्हणाला होता, "चांगलं आहे. जरा दाट पेर." आयुष्यात तेवढं एकदाच तो आकड्याबाबत खोटं बोलला होता, आणि तेव्हा त्याचा आवाज असाच मऊ झाला होता. आता पोरगा बापाला तसंच सांगत होता. पोराला दोष द्यावा असं त्याला वाटलं नाही. आपणही हेच केलं असतं.

त्यानंतर घरात त्याने आजाराचा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी किसनसिंग गाठोडं घेऊन आला, तर रामकिसन खाटेवरून उठलाच नाही.

"औंदा नाही," तो म्हणाला.

"काहून? हात दुखते का?"

"औंदा दुसऱ्याकडून पाहून घे."

"दुसरा कोण हाय गावात?" किसनसिंग उभाच राहिला. "तुमी नाही म्हटलं तर मी काय दाण्यायलेच इचारू का, बाप्पाहो उगवान का म्हून?"

रामकिसन हसला नाही. किसनसिंगने गाठोडं ओसरीवर ठेवलं आणि थोडा वेळ थांबून परत उचलून नेलं.

वांग्याचं रोप वाफ्यात वीतभर झालं होतं. लावायची वेळ निघून चालली होती. तुळसाबाईने दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा ती स्वतःच वाफ्यात शिरली, तेव्हा तो म्हणाला, "राहू दे. दिवाळीपर्यंत कोण तोडते वांगे."

ती हातात रोप घेऊन उभी राहिली. "तुमी तोडान. अजून कोण तोडन?"

ती कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने एकटीनेच दोन ओळी लावल्या, वाकडीतिकडी अंतरं ठेवून, मुद्दाम. एरवी असं अंतर पाहून तो चिडला असता आणि उठून सारखं करायला आला असता. तो आला नाही, तेव्हा ती खरी घाबरली.

बुधवारी तो म्हणाला, "उद्या मी कायले येऊ अकोल्याले? तुमी दोघं जाऊन या. काय सांगतीन ते आयकून या."

"तुमाले सोडून तपासतीन काय? आमचं तपासतीन?"

"काही तपासाचं राह्यलं नाही."

"मग मी एकली जाईन," तुळसाबाई म्हणाली. "अन् बाईले सांगीन, माणूस घरी बसला हाय, औजारं घेऊन शिरपूरलेच या."

तो गेला तो या भीतीने नाही. नाही जायचं यावर अडून बसायलाही अंगात जोर लागतो, तो त्याच्याकडे उरला नव्हता. पहाटेच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला, मेडशी गेली, पातूर गेलं, त्याने बाहेर पाहिलं नाही. काय बोलायचं ते ठरलेलं होतं. कापू नका म्हणायचं. बाद पोत्याला कुणी शिवण घालत नाही. जे दिवस असतील ते स्वच्छ धोतरात जाऊ द्या.

दवाखान्यात सव्वादोन तास बसल्यावर नाव आलं. धम्मदीपा मॅडमनी कागद पाहिले, मग त्याच्याकडे पाहिलं.

"काका, एवढा चांगला रिपोर्ट आणला, आणि चेहरा असा?"

"मॅडम," तो प्रथमच थेट त्यांच्याशी बोलला, "मले एकच सांगाचं आहे. काही कापू नका. बाद झालेल्या मालावर कायले मेहनत."

"कोण बाद झालं?"

"मी. एकोणीस आला ना. आमच्याकडे साठाच्या खाली आलं का गुरापुढं टाकतात."

बाईंनी ऋषिकेशकडे पाहिलं. ऋषिकेशला काही कळलं नाही. तुळसाबाईला मात्र झटक्यात कळलं. तिने कपाळावर हात मारला. "माय वं. बाई, हे उगवण पाह्यतात. गावाचं सोयाबीन हेच मोजतात. शंभर दाणे लावाचे अन् किती उगवले ते मोजाचं."

धम्मदीपा मॅडमनी पेन खाली ठेवला. त्या हसल्या नाहीत. "गोणपाटात?"

"गोणपाटात," रामकिसन म्हणाला.

"आमच्या घरी पेपरात लावत होते." त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या. "काका, मले सांगा. या तपासणीत बी कोणतं होतं?"

"बी म्हणजे?"

"कोणाची उगवण मोजली? तुमची?"

रामकिसनने कागदाकडे पाहिलं.

"तुमच्यातला एक तुकडा काढून पाठवला. तो तुकडा कायचा होता?"

"गाठीचा."

"मग उगवण गाठीची मोजली. ती उगवली पाह्यजे का नाही पाह्यजे?"

बाहेर कंपाउंडर कुणाचं तरी नाव पुकारत होता. रामकिसनने टेबलावरचा कागद स्वतःकडे ओढला, बाणावर बोट ठेवलं, आणि या वेळी ते उजवीकडे नेलं नाही. शून्याकडे नेलं. तिकडे जेमतेम एक पेर अंतर होतं.

"बाबा, मी सांगतलं होतं ना, चांगलं आहे म्हून," ऋषिकेश म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "दोनदा सांगतलं."

"सांगतलं."

"मग?"

"चांगलं आहे असं मीबी एकदा एकाले सांगतलं होतं."

ऋषिकेशला याचा अर्थ लागला नाही, पण बापाच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने पुढे विचारलं नाही.

रामकिसन मात्र आता हळूहळू जागा होत होता. आकडा बरा आला की वाईट, याआधी तो कसा काढला हे पाहायची त्याची सवयच होती. "मॅडम, म्हणजे शंभरात एकोणीस उगवतीन?"

"नाही. हा आकडा टक्के नाही. ही मोजपट्टी आहे, जसा ताप मोजतो तशी. टक्के खाली वेगळे लिवले आहेत." त्यांनी तिसरं पान काढलं. "तुमच्यासारखी गाठ असलेले शंभर माणसं घेतले, तर दहा वर्षांत तीन-चार जणांची अंगात दुसरीकडे पसरते. बाकीच्याची नाही पसरत."

"तीन-चार."

"तीन-चार. तुमी त्या तीन-चारात नाही, असं मले छातीठोक सांगता येत नाही."

"पोत्यात हात कुठी घातला होता?"

"काय?"

"बारा ठिकाणचे तुकडे काढले ना. पाठवला एकच. तो कुठचा होता? टपोरा दाणा निवडून लावला तर उगवण कशीबी काढता येते."

धम्मदीपा मॅडमनी हातातलं पान खाली ठेवलं. "हे मले आजपर्यंत कोण्या पेशंटनं विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यात खराब तुकडा पाठवला. जिथी गाठ सगळ्यात वांड दिसली, तिथला. पण तुमचं म्हणणं खरं आहे. सुई जिथी गेली नाही, तिथलं आपल्याले माहीत नाही. म्हणून थांबायचं म्हणजे घरी बसायचं नाही. दर सहा महिन्यानं रक्त, वर्षानं पुन्हा फोटो, पुन्हा तुकडे. रक्तातला आकडा वर सरकाले लागला का मग कापू. तवाबी उशीर झालेला नसते."

"अन् आताच काढलं तर?" तुळसाबाईने विचारलं. "तीन-चारबी राहणार नाहीत ना?"

"जवळजवळ नाही. पण मावशी, न उगवणाऱ्या बियासाठी अख्खं वावर खोदल्यासारखं होईन. लघवीचा त्रास होईन तो रोजचा."

"तुमच्या बापाले असतं तर?"

"माझ्या बापानं माझं आयकलं नसतं," त्या म्हणाल्या. "पण मी थांबा म्हटलं असतं. आणि दर सहा महिन्यानं हात धरून आणलं असतं. लोक दोनदा येतात, काका. बरं वाटून राह्यलं म्हणतात, आणि तिसऱ्यांदा येत नाहीत. तिथी फसतात."

सगळे रामकिसनकडे पाहू लागले. त्याला वाटलं होतं की असा क्षण आला तर छातीवरचं काहीतरी उतरेल. उतरलं तसं काही नाही. आठ दिवस त्याने मनाला मरणाकडे जुंपलं होतं. आता जू काढलं होतं, पण खांदे अजून तसेच दुखत होते.

"थांबतो," तो म्हणाला. "तुमी बोलवान तवा येईन."

अकोल्याच्या स्टँडवर मालेगावची गाडी लागायला वेळ होता. वैजयंतीने बांधून दिलेला डबा तुळसाबाईने बाकड्यावर उघडला. रामकिसनने अर्धी पोळी खाल्ली.

"म्हणजे बरं नाही झालं," ती म्हणाली.

"नाही."

"वाढलंबी नाही."

"नाही."

"मग झालं काय?"

"काही झालं नाही."

"काही झालं नाही, त्याच्यासाठी आपण तीन महिन्यापासून डबे बांधून राह्यलो." तिने डब्याचं झाकण लावलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मले काढलेलं बरं वाटलं असतं. घरात साप आहे अन् तुमी मोजून राह्यले, चावते का नाही चावत."

"माहीत आहे मले."

"आठ दिवस तोंड शिवून बसले. एका शब्दानं विचारलं असतं पोराले, एकोणीस म्हणजे काय म्हून."

"मले वाटलं मले माहीत आहे."

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून असं वाक्य तिने बहुधा ऐकलं नव्हतं.

गाडीत तिघांना एकाच बाकड्यावर जागा मिळाली. तुळसाबाई खिडकीशी, रामकिसन मध्ये, ऋषिकेश कडेला. पुढची तारीख डिसेंबरातली होती. तुळसाबाईने ती ऋषिकेशकडून दोनदा वदवून घेतली. "तूर सोंगाच्या दिवसात येते," ती म्हणाली. "मग हे म्हणतीन, तूर होऊ दे. तारीख मी धरीन. तुमच्या दोघायच्या भरवशावर नाही ठेवत." रामकिसनने मान हलवली. डिसेंबर, मग जून, मग पुन्हा डिसेंबर. पुढचं आयुष्य आता असं सहा-सहा महिन्यांनी तोडून मिळणार होतं, आणि दर तुकड्याच्या टोकाला हेच बाकडं, हीच रांग. त्याने ते मनात पुढे मोजायला घेतलं आणि तिसऱ्या जूनला सोडून दिलं.

गाडी शहराबाहेर पडल्यावर तो ऋषिकेशला म्हणाला, "कागद काढ."

"कायचे?"

"रिपोर्टाचे. पहिल्यापासून वाच. मराठीत सांग एकेक ओळ. काही गाळू नको."

"सात पानं आहेत, बाबा."

"मेहनत कोण्या दिवशी करशीन मग."

ऋषिकेशने पिशवीतून कागद काढले. पहिल्या ओळीत बापाचं नाव होतं, स्पेलिंग चुकलेलं. दुसऱ्या ओळीत वय. तिसऱ्या ओळीत नमुना कधी मिळाला ती तारीख, आणि त्याखाली कोणत्या तुकड्यातून किती भाग घेतला त्याचं वर्णन. तो इंग्रजी शब्दावर अडत होता, मराठी शोधत होता, नाही सापडलं तर हाताने दाखवून सांगत होता. पहिलं पान उलटलं तेव्हा खांद्यावर वजन आल्यासारखं वाटून त्याने पाहिलं. रामकिसनचं डोकं त्याच्या खांद्यावर कललं होतं, तोंड थोडं उघडं. आठ दिवसांची झोप एकदम आली होती.

ऋषिकेशने कागदांची घडी घालायला घेतली.

"कायले ठेवतं?" तुळसाबाई खिडकीकडून म्हणाली. तिने पदर कानामागे सारला होता. "वाच. मी आयकून राह्यली."